बाबांना नुसतं बघायचं होतं

ग्वाल्हेरला जानेवारीत ऊन अकराच्या आत येत नाही, आणि आलं की अख्खं लष्कर, म्हणजे शहराचा आमचा भाग, गच्चीवर चढतं. आमच्या गच्चीवर बाबा बसले होते. कानाला मफलर, मांडीवर वर्तमानपत्र, हातात मुरैन्याची गजक. कवळी आल्यापासून ते गजक चावत नाहीत, तोंडात विरघळवतात. तशीच विरघळवता विरघळवता म्हणाले, "मला सगळे धर्म एकदा नीट बघायचेत."

मी शेजारी लॅपटॉप घेऊन एका गिऱ्हाइकाचं रिटर्न भरत होते. आधी वाटलं, टीव्हीवरच्या एखाद्या मालिकेबद्दल बोलतायत.

"बघायचेत म्हणजे?"

"म्हणजे बघायचेत. घर घ्यायच्या आधी चार घरं बघतो की नाही? तसे. घेईनच असं नाही. पण मला दलाल नको. नुसता दाखवणारा हवा. तुझ्या ओळखी आहेत, तू शोध."

बोलणारा माणूस ७९ वर्षांचा. सत्यनारायणाचा प्रसाद "शिरा छान झालाय" एवढ्याच कारणासाठी खाणारा. आजोबांच्या दहाव्याला कावळा शिवेना, तेव्हा भटजींना "पावती मिळाल्याशिवाय माल पोचला असं धरत नाहीत का?" असं विचारून आत्याला रडवणारा. सिंचाई खात्यात ३४ वर्षं ड्राफ्ट्समन होते. घरात देव होता, तो आईच्या वाटणीला. आई चार वर्षांपूर्वी गेली. जाताना "दिवा तेवढा लावत जा" म्हणाली, म्हणून बाबा रोज संध्याकाळी देवघरात दिवा लावतात. हात जोडत नाहीत. वात सरळ आहे ना, तेवढं बघतात आणि बाहेर येतात. मी एकदा विचारलं होतं, तर म्हणाले, "ते माझं आणि तिचं आहे. देवाचा त्यात काही संबंध नाही."

"मग आता एकदम काय झालं?" मी विचारलं.

"काही झालं नाही. आयुष्यभर नाही म्हणत आलो. पण ज्याला नाही म्हटलं ते बघितलं कुठं होतं? साइटवर न जाता नकाशा नामंजूर करणारे साहेब मला कधी आवडले नाहीत. मी तेच करत होतो."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी रिटर्न बंद केलं.

सुरुवात त्यांनी स्वतःच फोनपासून केली. एका प्रवचनकाराचा व्हिडिओ सात मिनिटं बघितला. दुसऱ्या दिवशी यूट्यूबनं त्याच माणसाचे बारा व्हिडिओ पुढे केले, तिसऱ्या दिवशी त्याच्याहून तापट माणसाचे. "मी कुठं झुकलो ते या फोनला कळलं," बाबा म्हणाले, "मलाच कळायचं राहिलंय." फोन उशाखाली गेला.

मग शहराबाहेरचा एक आश्रम. नाव लिहीत नाही, कारण असे पाच-सहा तुमच्याही गावाबाहेर असतील. दारातच फॉर्म भरायचा होता: नाव, मोबाइल, जन्मतारीख, उत्पन्नाचा गट. शेवटचा रकाना बघून माझे डोळे बारीक झाले. बाबांनी तिथं "पेन्शन" लिहिलं आणि आत गेले. महाराज प्रेमळ होते, खोटं कशाला बोलू. सगळे धर्म आपलेच, म्हणाले, सगळ्या नद्या शेवटी समुद्रालाच मिळतात.

"नाही मिळत," बाबा म्हणाले. "लूनी कच्छच्या रणात जिरते."

महाराज हसले. शिष्य हसले नाहीत. पुढचे दोन महिने बाबांच्या फोनवर रोज सकाळी सुविचार आणि दर अमावास्येला सेवेचे दर येत राहिले.

माझा एक मावसभाऊ एका पंथात आहे. तो आम्हाला गाडीतून घेऊन गेला, जाताना प्रेमानं बोलला, येताना गप्प बसला, कारण बाबांनी सही केली नव्हती. एवढंच त्याच्याबद्दल. त्याहून मजेची गोष्ट बाबांच्या जुन्या नास्तिक मित्राची. चाळीस वर्षांची दोस्ती, दोघांनी मिळून किती भटजी छळले असतील. बाबांनी त्यांना सांगितलं, बाबा रे, मी जरा बघायला निघालोय. काकांचा चेहरा असा उतरला की जणू बाबांनी उसने पैसे बुडवले. "तूसुद्धा म्हातारपणी घाबरलास?" म्हणाले. त्या दिवशी बाबा घरी आले ते विचारात पडून. म्हणाले, "मला वाटायचं, ओढतात ते देववाले. हासुद्धा ओढतोच की."

"सगळे धर्म एकच सांगतात" असं म्हणणारे तर पावलोपावली भेटले. मला ते सुरुवातीला बरे वाटायचे. निदान भांडत तरी नाहीत. बाबांना त्यांचाच सगळ्यात राग. का, ते त्यांनी मला जेवणाच्या टेबलावर ताट, वाटी आणि मिठाची बरणी मांडून समजावलं. एका इमारतीचे तीन नकाशे असतात: वरून बघितलेला प्लॅन, समोरून बघितलेलं एलिव्हेशन, मधून कापून दाखवलेला सेक्शन. तिन्ही एकमेकांसारखे दिसत नाहीत आणि तिन्ही खरे असतात. "पण हे तीन कागद एकाच इमारतीचे आहेत हे कुणी ठरवलं? आधी जागेवर जाऊन फूटपट्टी लावायला नको? हे लोक मोजमाप न करताच सांगतात, एकच आहे. यांना कुठलंच घर बघायचं नसतं, म्हणून सगळी सारखी."

माझा धंदा ऑडिटचा. नई सडकेच्या एका माडीवर माझं ऑफिस आहे, आणि गेली २६ वर्षं मी लोकांच्या वह्या तपासते. बाबा ज्याला दलाल नको म्हणतात, त्याला आमच्याकडे नियमांची पानंच्या पानं आहेत. कंपनी कायदा, २०१३, कलम १४१: ज्या कंपनीचं ऑडिट करायचं तिचा एकही शेअर ऑडिटरकडे असता कामा नये. नातेवाइकाकडे असले तर दर्शनी मूल्य १ लाख रुपयांपर्यंत खपवून घेतात. कलम १३९ म्हणतं, शेअर बाजारातल्या कंपनीत एकट्या सीएला सलग ५ वर्षं, फर्मला १०, मग पुढची ५ वर्षं त्या कंपनीचं ऑडिट करायचं नाही. कायद्याला ठाऊक आहे की माणूस मुद्दाम लबाडी करेलच असं नाही. पण दर वर्षी त्याच केबिनमध्ये तोच चहा प्यायला की तो सैल होतो. हा नियम मठांना लावला तर किती गाद्या रिकाम्या होतील, असा एक विचार मनात आला आणि मी तो मुकाट्यानं गिळला.

पण हिशेब इथंच अडला. कापडाच्या दुकानाचं ऑडिट करायला कापड नेसलेलं असावं लागत नाही. अध्यात्मात तसं नाही. ज्याच्याकडे एकही शेअर नाही, त्यानं आतलं काही बघितलेलंच नसतं. तो दाखवणार काय? आणि ज्यानं बघितलंय त्याचं सगळं भांडवल तिथंच अडकलेलं. म्हणजे मी बाबांसाठी जो माणूस शोधत होते तो असूच शकत नव्हता.

हे मी बाबांना सांगितलं नाही. ते फेब्रुवारीत म्हणाले, "हजीऱ्याला चल," म्हणून गेलो.

हजीऱ्याला लोक जातात ते तानसेनासाठी. त्याची कबर लहानशी, उघड्या चौथऱ्यावर. शेजारचा भलामोठा मकबरा मोहम्मद गौस यांचा. तिथल्या दगडी जाळ्यांसमोर बाबा पाऊण तास उभे होते. एका जाळीसारखी दुसरी नाही, आणि सगळ्या कंपास-पट्टीनं काढलेल्या. बाबा बोटानं हवेत वर्तुळं काढत होते. मी तोवर सावलीत बसून त्यांना गौससाहेबांबद्दल वाचलेलं सांगत होते.

हे शत्तारी परंपरेचे सूफी, सोळाव्या शतकातले. शेरशाहाच्या काळात त्यांना ग्वाल्हेर सोडून गुजरातेत जावं लागलं. हठयोगावरचा 'अमृतकुंड' नावाचा एक ग्रंथ अरबीत आधीच गेलेला होता. गौस यांनी तो फारसीत आणला, नाव ठेवलं 'बह्र-उल-हयात', जीवनाचा सागर. श्वास कसा घ्यायचा, कुठं रोखायचा, कसं बसायचं. पुढे इ.स. १६००च्या सुमारास त्याची एक सचित्र प्रत झाली, तिच्यात २१ आसनांची चित्रं आहेत. ती आज डब्लिनमध्ये आहे. गुजरातेत गौस यांच्यावर तिथल्या उलेमांनी फतवाही काढला होता. तो योगासाठी नव्हे, त्यांनी आपल्या आध्यात्मिक अनुभवाबद्दल जे लिहिलं त्यासाठी. शेवटी ते ग्वाल्हेरला परतले आणि इथंच या जाळ्यांमागे आहेत.

"म्हणजे हे मधले होते," मी म्हटलं. "ना इकडचे, ना तिकडचे."

"छे!" बाबा जाळीवरून नजर न काढता म्हणाले. "चांगले पक्के तिकडचे होते. नमाज चुकवली असेल असं वाटतं का तुला? स्वतःचं घर होतं म्हणून तर दुसऱ्याच्या घरी जाऊन बसता आलं. आणि गेले ते कशाला? जोगी श्वास कसा घेतो ते बघायला. त्याला सुधारायला नाही."

दर वर्षी डिसेंबरात इथं तानसेन समारोह भरतो. १९२४ पासून. मोठमोठे गवई येतात, पण मला नेहमी आवडते ती पहिल्या दिवशीची सकाळ. आधी शहनाई. मग ढोलीबुवांच्या मठाची हरिकथा, आपल्या नाथ परंपरेतली, कमरेला ढोल बांधून. मग त्याच जागी मिलाद शरीफ, म्हणजे पैगंबरांची स्तुती, आणि चादर. हरिकथा करणारे हरिकथाच करतात आणि मिलाद पढणारे मिलादच पढतात. कुणी दुसऱ्याचं चोरून आपलं गोड करत नाही. लहानपणापासून बघत आले होते, पण त्यात विशेष काही आहे असं त्या दिवसापर्यंत वाटलं नव्हतं.

परतल्यावर समोरच्या काकूंनी विचारलंच. या वयात दर्ग्यात, शोभतं का भाऊसाहेब? बाबा म्हणाले, "महादजींना शोभलं." यावर ग्वाल्हेरातला मराठी माणूस काही बोलू शकत नाही. महादजी शिंद्यांचे गुरू बीडचे मन्सूरशाह, हे इथं शेंबडं पोरही जाणतं.

मग पाद्री भेटले. एका गिऱ्हाइकाच्या ओळखीनं. मूळचे केरळचे, पंचाहत्तरीचे, निवृत्त, एका लहान खोलीत पुस्तकं आणि एक मांजर घेऊन राहतात. पहिल्या दिवशी आम्ही आत गेल्यावर मी सवयीनं दार लोटलं, तर ते लगबगीनं उठले आणि दार सताड उघडलं. "खुला रहने दीजिए, बेटी," म्हणाले. मध्य प्रदेशात २०२१ पासून धर्म स्वातंत्र्याचा नवा कायदा आहे. धर्म बदलायचा तर ६० दिवस आधी जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं, आणि आमिष दाखवून किंवा दबाव आणून कुणाला वळवलं असं ठरलं तर तुरुंग. म्हाताऱ्या माणसाला म्हाताऱ्या माणसाशी देवाबद्दल बोलायचं, तर फेब्रुवारीच्या गारठ्यात दार उघडं ठेवून बसायचं. बाबा मफलर काढायला गेले होते, तो पुन्हा गुंडाळला.

बाबांनी आडपडदा न ठेवता विचारलं. मला ख्रिस्ती व्हायचं नाही, निदान आज तरी नाही. मी शेवटपर्यंत झालो नाही, तर तुम्हाला वाईट वाटेल?

पाद्री थोडा वेळ मांजराच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. मग म्हणाले, "बुरा तो लगेगा. थोड़ा. पर वो मेरी तकलीफ़ है, आपकी नहीं. उसका इलाज मैं कर लूँगा."

मी आयुष्यात पुष्कळ डिक्लरेशन वाचली आहेत. अमुक कंपनीत माझा कुठलाही हितसंबंध नाही, खाली सही, शिक्का. इतकं स्वच्छ मी कधी वाचलं नव्हतं. आणि त्यात लिहिलं होतं ते नेमकं उलट: माझा हितसंबंध आहे. तो एवढा एवढा आहे. तो मी सांभाळीन.

मग दर गुरुवारी संध्याकाळी मी बाबांना तिथं सोडायला लागले. बसायला मिळायचं तेव्हा मीही बसायचे. एकदा त्यांनी लोयोलाच्या इग्नेशियसचं सांगितलं. हा स्पेनचा सैनिक. १५२१ साली लढाईत पाय मोडला आणि अंथरुणात पडल्या पडल्या आयुष्याची दिशा बदलली. त्यानं साधनेची एक पुस्तिका लिहिली, १५४८ मध्ये पोपनं तिला मान्यता दिली. तिच्या सुरुवातीला साधना करवून घेणाऱ्यासाठी सूचना आहेत. पंधरावी सूचना अशी, की समोरच्याला गरिबीचं व्रत घे म्हणून ढकलायचं नाही, घेऊ नको म्हणूनही नाही. तराजूच्या काट्यासारखं मधोमध उभं राहायचं, आणि देव आणि तो माणूस यांचं आपसात काय ते होऊ द्यायचं.

बाबांनी ते पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाले, "उत्तम आहे. पण फादर, तराजू तुमच्याच दुकानातला. गरिबीचं व्रत घ्यायचं की नाही, एवढंच तोलायचं. दुकानात यायचं की नाही हे कुठं तोलताय?"

पाद्री इतके हसले की मांजर उठून गेलं. "सही पकड़ा," म्हणाले. आणि पुढं, जरा थांबून, की दुकानाबाहेरचा तराजू माझ्याकडे नाही, असता तर दिला असता.

त्या रात्री मला लेल्यांची गोष्ट आठवली. आपल्याकडे ती फार कुणी सांगत नाही, अरविंदबाबूंच्या भक्तांमध्येच फिरते. पण लेले मराठी, आणि तार आली तेव्हा ग्वाल्हेरात, म्हणून मला ती आपली वाटते.

डिसेंबर १९०७. सुरतेची काँग्रेस फुटली होती. अरविंद घोष तिथून बडोद्याला आले. तिथं त्यांनी तेरा वर्षं नोकरी केली होती, तेव्हा गाव ओळखीचं. भाऊ बारीन्द्र यांनी विष्णू भास्कर लेल्यांना तार केली आणि लेले ग्वाल्हेरहून बडोद्याला गेले. एका बाजूला केंब्रिजला शिकलेला, सरकारच्या डोळ्यांत सलणारा पुढारी. दुसऱ्या बाजूला हे साधेसुधे भक्तिमार्गी गृहस्थ. सरदार मजुमदारांच्या वाड्यात वरच्या मजल्यावरच्या एका खोलीत दोघं तीन दिवस बसले. लेल्यांनी सांगितलं ते एवढंच: विचार करू नका, मनाकडे नुसतं बघा. विचार बाहेरून येताना दिसतील. आत शिरायच्या आधी परतवून लावा. अरविंदांनी पुढे लिहून ठेवलंय की तीन दिवसांत त्यांचं मन संपूर्ण शांत झालं, आणि जो अनुभव आला तो दोघांच्याही अपेक्षेतला नव्हता. लेल्यांना देवाचं प्रेम दाखवायचं होतं. शिष्याला दिसलं ते निर्गुण, निःशब्द. गुरूनं दार उघडलं आणि पलीकडे भलतीच खोली निघाली.

लेल्यांनी तरी हट्ट धरला नाही. निरोप घेताना अरविंदांनी विचारलं, पुढे काय करू? लेल्यांनी विचारलं, तुमच्या आत जो मार्गदर्शक आहे त्याच्या हाती स्वतःला संपूर्ण सोपवाल का? सोपवत असाल तर माझी किंवा आणखी कुणाची गरज नाही.

मला हे वाक्य नेहमी थोर वाटत आलंय. गिऱ्हाईक दारात उभं असताना दुकान बंद करून किल्ली त्याच्याच हातात देणारा माणूस. मी ते बाबांना पुढच्या गुरुवारी स्कूटरवर सांगितलं, कंपूपासून पाद्र्यांच्या घरापर्यंत, हॉर्नच्या वरताण ओरडत.

"मग पुढं?" बाबांनी मागून विचारलं. त्यांना शेवट सोडून दिलेल्या गोष्टी चालत नाहीत.

पुढचं मी सांगणार नव्हते. पण सांगितलं. काही आठवड्यांनी लेले कलकत्त्याला गेले. विचारलं, सकाळ-संध्याकाळ ध्यान करता ना? अरविंदांनी ठरावीक वेळी बसणं सोडलं होतं, कारण त्यांचं म्हणणं ध्यान आता दिवसभर आपोआप चालूच असतं. ते नाही म्हणाले. आणि लेल्यांना वाटलं की यांना सैतानानं धरलंय.

बाबा काही बोलले नाहीत. उतरल्यावर हेल्मेट काढून माझ्या हातात देत म्हणाले, "बिचारे. सोडताना मनापासून सोडलं असणार. तो खरोखरच सुटला तेव्हा भीती वाटली." आणि मग, "मलाही वाटली होती. तू सीएच्या दुसऱ्या प्रयत्नाच्या वेळी दिल्लीला गेलीस तेव्हा. जा, जा म्हणालो होतो मीच."

हे त्यांनी मला तीस वर्षांत पहिल्यांदा सांगितलं.

मधल्या काळात बाकीही घरं बघून झाली, पण त्यांच्याबद्दल थोडक्यात. माझे एक जैन गिऱ्हाईक आम्हाला गोपाचलच्या मूर्ती दाखवायला घेऊन गेले. पंधराव्या शतकात कोरलेल्या, काही कितीतरी पुरुष उंच, बाबरानं विद्रूप करायला लावलेल्या. जिना चढताना त्यांनी स्याद्वाद सांगितला: कुठलंही विधान करताना आधी 'स्यात्' म्हणायचं, म्हणजे एका अंगानं बघता. एका अंगानं आहे, एका अंगानं नाही, एका अंगानं सांगता येत नाही, असे मिळून सात प्रकार. मी म्हटलं, आमच्या रिपोर्टात असतं की, 'सब्जेक्ट टू'. शेठजींना ते इतकं आवडलं की आता फी देताना माझ्या बिलावरही 'स्यात्' म्हणतात.

किल्ल्यावरच्या दाता बंदीछोड गुरुद्वारात बाबा जास्त रमले. गुरू हरगोबिंदांना जहांगीरनं याच किल्ल्यात डांबलं होतं. सुटताना ते ५२ राजांना अंगरख्याची टोकं धरायला लावून बरोबर बाहेर घेऊन आले, अशी कथा आहे. तिथं आम्हाला कुणी नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. डोकं झाका आणि पंगतीत बसा, एवढंच. १७०८ पासून त्यांचे गुरू म्हणजे ग्रंथ, आणि त्या ग्रंथात आपल्या नामदेवांची ६१ पदं आहेत हे तिथल्या सेवादारांनीच बाबांना सांगितलं, जणू आमच्याच घरची ठेव आम्हाला दाखवत होते. "पुस्तकाचं एक बरं," बाबा लंगरची डाळ ओरपत म्हणाले, "आपण उठून गेलो तर त्याचा चेहरा पडत नाही." मी म्हटलं, पण पुस्तक वाचून दाखवणारा माणूसच असतो. ते म्हणाले, "जेव आधी."

आणि बाबासाहेब. ते तर आमच्या संभाषणात पहिल्या दिवसापासून होते. महूत जन्मलेले, म्हणजे आमच्याच प्रांतातले. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात म्हणाले, हिंदू म्हणून मरणार नाही. दीक्षा घेतली नागपूरला १४ ऑक्टोबर १९५६ ला. मध्ये २१ वर्षं. त्या घोषणेनंतर या धर्माचे, त्या धर्माचे पुढारी निमंत्रणं घेऊन पुढे आले. त्यांच्यामागे लाखो माणसं होती, कुणाला नको होती? माणूस वाचत राहिला, तोलत राहिला, आणि शेवटी घेतलं तेही स्वतःच्या २२ प्रतिज्ञांसकट. दीक्षा दिली ती वयोवृद्ध भिक्षू चंद्रमणींनी. एवढ्या ओढाताणीत ज्याला काटा मधोमध ठेवता आला असा दुसरा माणूस मला दाखवा, बाबा म्हणायचे. आणि लगेच: "पण मला २१ वर्षं नाहीत गं."

हे ते हसत म्हणायचे. पाद्र्यांकडे मात्र एकदा हसले नाहीत. म्हणाले, फादर, मला ते जे कुणी आत बोलतं म्हणतात ना, ते ऐकू येत नाही. मी संध्याकाळी बसून बघितलं. आत माझाच आवाज आहे. पाद्री म्हणाले, दिवा लावता तेव्हा? बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी सांगितलं नव्हतं. त्यांनीच कधीतरी सांगितलं असणार. बाबा बराच वेळ गप्प होते. पाद्रीही काही बोलले नाहीत. बाहेरून कुणीतरी येऊन डोकावून गेलं. दार उघडंच होतं.

त्याच्या पुढच्या गुरुवारी बाबा स्कूटरवर बसतानाच म्हणाले, "आज त्यांना सांगतो. आता काही दिवस येणार नाही."

"का? कंटाळलात?"

"नाही. गोडी लागलीय. घर बघायला आलो होतो, आता त्यांच्या खुर्चीवर बसायची सवय झालीय. चहा बरा करतात." मग, "पाच वर्षं झाली नाहीत अजून, पण तुझा तो नियम आहे ना."

मी त्यांना आत सोडलं आणि या वेळी मुद्दाम थांबले. मला पाद्र्यांचा चेहरा बघायचा होता. मी हेच बघत आले होते सगळीकडे: निघतो म्हटल्यावर माणूस कसा दिसतो. महाराजांचे शिष्य, मावसभाऊ, नास्तिक काका, कलकत्त्यातले लेले.

बाबांनी सांगितलं. पाद्र्यांचा चेहरा पडला. चांगला पडला. डोळ्यांत काहीतरी आलं आणि ते त्यांनी पुसायचा प्रयत्नही केला नाही. "अच्छा," म्हणाले. मग उठले, कपाटाकडे गेले, आणि मागच्या आठवड्यात बाबा विसरलेला मफलर घेऊन आले. धुतलेला होता. घडी घातलेला. "ये रह गया था," म्हणाले, आणि बाबांच्या हातात न देता त्यांच्या गळ्यात नीट गुंडाळला. आम्हाला रस्त्यापर्यंत सोडायला आले. मांजरही आलं.

फूलबागेच्या सिग्नलला थांबलो, तेव्हा बाबा मागून म्हणाले, "चेहरा पडला होता. बघितलंस?"

"हो."

"लपवला नाही त्यांनी."

"नाही."

सिग्नल सुटला. थोडं पुढे गेल्यावर त्यांनी माझ्या खांद्यावर टकटक केलं. "पुढच्या गुरुवारी हजीऱ्याला सोडशील? तिथं एक म्हातारा खादिम असतो. जाळीबद्दल विचारायचंय, आणि बाकीचंही."

"गुरुवारी वीस तारीख आहे, बाबा. जीएसटी. शुक्रवारी जाऊ."

"शुक्रवारी गर्दी असेल," ते म्हणाले. "चालेल. लवकर घरी चल आता, दिव्याची वेळ झाली."